पांढऱ्या रेशमाला लावलेलं हळदीचं बोट

सगळ्यात आधी ताईचं सांगते. ताई माझी सख्खी बहीण नव्हे, नात्यातलीही नव्हे. ती व्हिएतनामची. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, बुटकी, केस मागे चापून बांधलेले आणि गळ्यात कायम टेप. त्यांच्याकडच्या एका प्रेमकथेच्या सिनेमाचं बरंचसं शूटिंग नॉटिंगहॅमला झालं, तेव्हा सगळ्या कपड्यांची जबाबदारी तिच्यावर होती. तिनं मला हाताशी घेतलं, जेवायला बसवलं, आणि एका दुपारी माझ्यासाठी चारचौघांत बोलणी खाल्ली. आता काय झालं ते सांगते.

मी नववीनंतर शाळेत गेले नाही. त्यात मोठं सांगण्यासारखं काही नाही. आई अंथरुणाला खिळली, घरात बघणारं कुणी नव्हतं, आणि 'पुढच्या वर्षी बसू की परत' म्हणता म्हणता पुढचं वर्षही गेलं. शिवणक्लास मात्र पुरा केला. लग्न मिरजेला झालं. हे हॉस्पिटलात नर्स, आमच्याकडे ब्रदर म्हणतात तसे. यांना इथल्या सरकारी हॉस्पिटलात काम मिळालं आणि मागोमाग मी आले.

इथं आल्यावर एकटेपणाचा एक नवाच प्रकार कळला. माणूस घरात असतो आणि तरी आपण एकटे असतो. यांच्या नाइट शिफ्ट लागल्या की हे दिवसा झोपायचे. मग मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, पायात मोजे घालून चालायचं. खिडकीखालून ट्राम जायची, तिच्यात माणसं बसलेली दिसायची. दुपारी आईचा फोन आला की मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून बोलायचे.

"काय केलंस गं आज?"

"बरंच काम होतं."

"मग हळू का बोलतीयस?"

"हे झोपलेत."

"बरं बरं, ठेव मग," म्हणून ती पटकन फोन ठेवायची. मला तर तिनं ठेवू नये असं वाटायचं.

इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला एकदा गेलो होतो. ब्रॅकनेलहून नुकत्याच इकडे आलेल्या एक मराठी बाई शेजारी बसल्या. छान होत्या, मनमोकळ्या.

"तू कशात आहेस? आयटी?"

"नाही."

"मग हेल्थकेअर?"

"नाही, ते हे आहेत. मी घरीच."

"अगं मग मस्त की! ब्रेक घेतलायस!"

मी हो म्हटलं. पुढे त्यांनी कॉलेज कुठलं म्हणून विचारलं तेव्हा मी पाणी आणायला उठले आणि परत त्या खुर्चीवर गेलेच नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण त्यानंतर मंडळाचा मेसेज आला की मी फक्त फोटो बघायचे.

मग कोपऱ्यावरच्या ड्राय क्लीनरकडे आठवड्यातले काही दिवस काम मिळालं. पँट आखूड करायच्या, चेन बदलायच्या. मागच्या खोलीत मशीन, समोर भिंत. तिथंच एक दिवस ताई आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत पांढराशुभ्र रेशमी पोशाख. त्याला ते आओ झाय म्हणतात. अंगाला बेताचा झगा, कमरेपासून खाली पुढे एक आणि मागे एक असे दोन लांब मोकळे पल्ले, आत सैल पायजमा. त्यांच्याकडे शाळेतल्या मुली पांढरा घालतात, हे मला नंतर कळलं. बगलेखाली शिवण उसवली होती. मी मशीन न लावता हातानं बारीक टाके घातले. ताईनं झगा तिथंच उलटा केला, आतली बाजू खिडकीपाशी नेऊन बघितली, नखानं टाका ओढून बघितला. मला परीक्षेला बसल्यासारखं झालं. मग तिनं फोन तोंडाजवळ धरला, काहीतरी बोलली, आणि फोनमधल्या भाषांतर करणाऱ्या बाईनं मराठीत विचारलं, "आपण भात भक्षण केला आहे का?"

मला हसू फुटलं. इथं येऊन किती महिने झाले होते, पण 'जेवलीस का' असं मला कुणी विचारलं नव्हतं. हे विचारायचे, पण ते निघता निघता, बूट घालताना. मी नाही म्हटलं. ताईनं पिशवीतून एक डबा काढला, माझ्या मशीनवर ठेवला आणि समोर उभी राहून मी खाईपर्यंत हलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या हाताखाली. मालकिणीनं खुशीनं सुट्टी दिली, कारण सिनेमाचे सगळे कपडे धुवायला तिच्याचकडे येणार होते.

हाक काय मारायची, हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला. तिच्या भाषेत थोरलीला जो शब्द आहे तो मी म्हटला की ती पोट धरून हसायची. म्हणून मी तिला आपला 'ताई' शिकवला, तो तिला झकास जमला. ती मला 'एम' म्हणायची. म्हणजे धाकटी.

गोष्ट अशी होती. गावातली मुलगी इंग्लंडला नेलपॉलिशच्या दुकानात कामाला येते. मागे राहिलेला मुलगा काही वर्षांनी तिला शोधत येतो. तिनं शाळेतला पांढरा आओ झाय जपून ठेवलेला असतो, कारण त्यानं तिला पहिल्यांदा त्यात बघितलेलं असतं. तो घालून ती दारातून बाहेर पडते, नदीकाठी जाते, आणि तिथं दोघं एकमेकांना सोडतात. ताईनं ही गोष्ट मला शिलाई करता करता सांगितली, आणि मुलगी नदीवर जाते त्या जागी थांबून स्वतःच डोळे पुसले. म्हटलं, "ताई, तू तर किती वेळा वाचली असशील." ती म्हणाली, "कपडे करताना रोज वाचते, रोज रडते. इस्त्री करणारीला कथा कुणी सांगत नाही. आता सांगतात."

हे तिचं फार महत्त्वाचं होतं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या सिनेमात इस्त्री करायची, बटणं लावायची. कपड्यांची प्रमुख म्हणून हा तिचा पहिलाच सिनेमा. तिशीतल्या दिग्दर्शकानं तिला हे काम दिलं होतं आणि निवडताना स्पष्ट सांगितलं होतं की हा नीट झाला तर पुढचाही तुझाच. "आणि नाही झाला तर?" मी विचारलं. ताईनं हवेत इस्त्री फिरवून दाखवली.

शूटिंग सुरू होण्याआधी त्यांनी एका हॉलच्या कार पार्कमध्ये टेबल मांडलं. त्यावर फळं, फुलं, उदबत्त्या आणि मधोमध अख्खं भाजलेलं डुक्कर. शेजारी कॅमेरा, लाल कापडानं झाकलेला. दिग्दर्शकापासून गाडी चालवणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी हातात उदबत्ती घेऊन वाकून नमस्कार केला, मग कापड काढलं. काम निर्विघ्न व्हावं म्हणून त्यांच्याकडे हे करतातच. ताईनं माझ्याही हातात उदबत्ती दिली. डुकराकडे न बघता मी मनोभावे नमस्कार केला. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, की धुरानं नाही, कोण जाणे. इथं आल्यापासून पहिल्यांदाच मला असं वाटलं की ही माणसं जे करतायत ते मला कळतंय.

तिथंच माझी चूक सुरू झाली.

पांढरे आओ झाय दोन होते. मी उसवण शिवली होती तो पहिला. दारातून बाहेर पडायचा सीन त्याच्यावर झाला आणि शेवटी दाराच्या खिळ्याला अडकून तो टरकन फाटला, शिवता येईना इतका. नदीच्या सीनसाठी दुसरा होता, कोरा. त्याची खालची दुमड अजून घालायची होती. ताईनं ती मला घालायला दिली. नायिकेच्या घोट्यापर्यंत खूण करून मी दोन्ही पल्ल्यांना हातानं तुरपाई केली. सगळं काम माझं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि माझ्या मनात आलं, कॅमेऱ्याची पूजा झाली, या कपड्याची कुठं झाली?

आपल्याकडे नवं कापड अंगाला लावण्याआधी कोपऱ्याला हळदीचं बोट लावतात. आई लावायची, शिवणक्लासच्या बाई लावायच्या. ज्यांनी कॅमेऱ्यापुढे फळं ठेवली त्यांना याचं काय वावगं वाटणार? मी सकाळी घरून कागदाच्या पुडीत चिमूटभर हळद नेली आणि मागच्या पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूनं, दिसेल न दिसेल असं ओलं बोट टेकवलं. मनात म्हटलं, ताईचं काम नीट होऊ दे.

वाफेच्या इस्त्रीचा विचार मी केलाच नाही. नदीकाठी कपड्यांच्या गाडीत ताईनं तो पोशाख टांगला आणि वाफ मारायला लागली. आतली हळद वाफेनं फुटली आणि रेशमातून बाहेर आली. बघता बघता पांढऱ्या पल्ल्यावर पिवळा डाग उमलला.

ताई आधी डागाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलंच असणार. मी तिला हातानं, तुटक्या शब्दांनी सांगितलं, आमच्यात असं करतात, चांगलं व्हावं म्हणून करतात. ती ओरडली नाही. तिनं साबणाची बाटली उचलली, तेव्हा मी तिचा हात धरला, कारण हळदीला साबण लागला की ती लाल होते. उन्हात ठेवली तर उडते. पण ऊन आणायचं कुठून? ट्रेंट नदीवर राखाडी आभाळ होतं. तिथं शूटिंग करायची काउन्सिलची परवानगी त्या दुपारपुरती होती. नायकाचं विमान दुसऱ्या दिवशी. नायिका मेकअप करून, अंगावर जाड कोट घेऊन, काठावर थांबलेली. आणि आमच्याकडे तिसरा आओ झाय नव्हता.

ताईनं डागावर बोटं ठेवली. खालून तीन बोटं उंचीवर डाग संपत होता. तिनं कात्री घेतली आणि मी घातलेली तुरपाई सरळ उसवायला लागली. "तू पुढचा," तिनं खुणेनं सांगितलं. आम्ही गाडीतल्या उलट्या बादल्यांवर गुडघ्याला गुडघा लावून बसलो. तिनं मागचा पल्ला तीन बोटं आत दुमडला, मी पुढचा. बाहेरून कुणीतरी दारावर थापा मारत होतं. ताई आतून कसलंसं उत्तर देत होती आणि टाके घालत होती, एकही टाका बाहेर न दिसता. माझा धागा सुईत जाईना. तिनं न बघता माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली. म्हणजे धीर धर किंवा हात चालव, दोन्हीपैकी काहीतरी.

डाग आत गेला. पण पोशाख आखूड झाला. दारातल्या सीनमध्ये पल्ला घोट्याशी होता, आता पोटरीवर आला. दिग्दर्शकाला एका नजरेत दिसलं. त्यानं छोट्या पडद्यावर दारातला शॉट काढून दाखवला आणि ताईला बोलावलं. मी पुढे झाले, म्हटलं, "मी. सर, माय मिस्टेक." ताईनं माझ्याकडे वळून न बघता मागे हात केला आणि मला थोपवलं, रस्ता ओलांडताना आई लेकराला थोपवते तसं. मग ती त्याला काहीतरी म्हणाली.

काय म्हणाली ते मी नंतर फोनमधल्या बाईकडून ऐकलं. "काठावर चिखल होता. मी लांबी कमी केली. निर्णय माझा."

तो मोठ्यानं ओरडला नाही. पण सगळ्यांसमोर बराच वेळ, हळू आवाजात बोलत राहिला. शब्द एक कळला नाही, तरी कुणाला असं बोलणी खाताना बघितलं की सगळं कळतं. कॅमेरावाला बुटांकडे बघत होता. ताई हात पुढे बांधून उभी होती, तिच्याहून लहान माणसासमोर. मग त्यानं आभाळाकडे बघितलं आणि शॉट घ्यायला सांगितला, दुसरा इलाज नव्हता.

परतताना मी गाडीत रडत होते. ताईनं फोन पुढे धरला. बाई म्हणाली, "आपण भात भक्षण केला आहे का?"

"ताई, तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

ती बोलली आणि फोनमधली बाई कोरड्या आवाजात वाचत गेली. "तुझे नाव दिले तर ते तुला घरी पाठवतील. तू घरी मोजे घालून चालशील."

मी तिला हे कधी सांगितलं होतं, मला आठवत नव्हतं.

घरी आल्या आल्या यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "वॉर्डात पण असंच असतंय. मोठी सिस्टर चूक स्वतःवर घेते, मग धाकट्यांना पुढं काम करता येतंय. पण घेणाऱ्या सिस्टरचं पुढं काय होतं, ते कुणी विचारत नाही." ते सहज बोलले. मला मात्र ते लागून राहिलं.

काही दिवसांनी सगळे परत गेले. कार पार्क रिकामा झाला, गाडीच्या जागी कुणाची तरी लाल गाडी उभी राहायला लागली. मी पुन्हा ड्राय क्लीनरच्या मागच्या खोलीत, समोर भिंत. माणसं आली नव्हती तेव्हा एकटेपणाची सवय होती. येऊन गेल्यावर ती सवय मोडली होती, आणि नवी लागायला फार वेळ लागला. ताईचे मेसेज यायचे. जेवलीस का, थंडी किती, नवऱ्याची शिफ्ट कुठली. मी विचारायचे, पुढचा सिनेमा कधी? ती जेवणाचा फोटो पाठवायची.

मग तिकडे सिनेमा लागला. ताईनं फोटो पाठवला. रस्त्यावर भलंमोठं पोस्टर, नायिका पांढऱ्या आओ झायमध्ये, आणि खाली ताई, डोक्यात स्कूटरचं हेल्मेट तसंच. कुणीतरी येणाऱ्या-जाणाऱ्यानं काढलेला, म्हणून जरा वाकडा.

इथं तो बऱ्याच महिन्यांनी आला. व्हिएतनामी विद्यार्थ्यांनी एका थिएटरचा लहानसा हॉल घेतला होता, रविवारी दुपारी. हे म्हणाले, "ड्युटीचा रोटा बदलून मिळतो का बघू?" मी म्हटलं, नको, कोण बदलून देणार. एकटीच गेले आणि कडेच्या खुर्चीवर बसले. मुलं घोळक्यानं आली होती, मोठमोठ्यानं बोलत होती. एकीनं हसून मला काहीतरी विचारलं, मी मान हलवली, तीही मान हलवून मैत्रिणींकडे वळली. सिनेमाखाली इंग्रजी ओळी येत होत्या आणि मला अर्धी ओळ वाचून होईतो जात होत्या. म्हणून मी वाचायचं सोडलं आणि कपडे बघत बसले. ही कॉलर ताईची. या बाहीवर माझे टाके.

दार उघडलं. ती पांढऱ्या पोशाखात बाहेर आली, पल्ला घोट्याशी. पुढच्याच क्षणी नदीकाठ, आणि पल्ला पोटरीवर. मला ते इतकं ढळढळीत दिसलं की मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आजूबाजूला बघितलं. कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतली मुलगी बाहीला डोळे पुसत होती. थोड्या वेळानं जवळजवळ सगळा हॉल नाक ओढत होता. शेवटी दोघं काय बोलले, तो का गेला, ती का राहिली, मला काहीच माहीत नाही. मी सगळा वेळ तो पल्लाच बघत होते.

बाहेर येऊन बस स्टॉपवर बसले आणि ताईला लिहिलं, "फार सुंदर झालाय. सगळे रडले. पल्ला कुणालाही दिसला नाही."

तिनं बोलून उत्तर पाठवलं. मागे शिलाई मशीनचा आवाज होता. फोनमधली बाई म्हणाली, "दिग्दर्शकाला दिसला. पुढच्या चित्रपटास दुसरी स्त्री आहे. मी आता दुकानात शाळेचे पांढरे पोशाख शिवते. मुली फार हलतात. माप नीट घेऊ देत नाहीत." आणि मग ताईचं ते हसणं, ज्याचं भाषांतर लागत नाही.

मी बसमध्ये चढलेच नाही, दोन बस सोडल्या. घरी येऊन यांना म्हटलं, त्या दिग्दर्शकाला इंग्रजीत लिहा, चूक माझी होती म्हणून सांगा. हे लिहायला बसलेही. पण ताईला न विचारता पाठवायचं धाडस झालं नाही. विचारलं तर ती ठाम नाही म्हणाली. "काम गेले ते गेले. हे सांगितलेस तर मी त्याच्यासमोर खोटी बाई पण होईन. एम, ते नको."

म्हणजे खरं सांगून फेड करायची वाटही बंद झाली. मी यांना तो मेसेज पुसून टाकायला लावला.

गेल्या आठवड्यात इथल्या एका हौशी नाटक मंडळीनं ड्राय क्लीनरकडे कपडे दिले, आणि पुढच्या नाटकाचे शिवशील का म्हणून विचारलं. मी हो म्हटलंय. इंग्रजी अजून अडखळतं, त्यांचे मेसेज मी दोनदा-तीनदा वाचते. नाटक अगदी लहान आहे, तिकडून कुणाला बोलवावं असं त्यात काही नाही, हे मला कळतं. पण इथून पुढे कधी मोठं नाटक होईल, कधी सिनेमा होईल, आणि कपड्यांसाठी माणूस कोण आणायचं हे कधीतरी मला विचारलं जाईल. त्या दिवशी ताई, मी पहिलं तुझं नाव सांगणार आहे. प्रमुख तू असशील आणि इस्त्री मी धरीन. केव्हा, ते मला ठाऊक नाही. पण तुझी जागा तुला परत मिळवून देईन, हा माझा शब्द.